पोराला फुटीपटू व्हायचंय: मेलबर्नला नव्याने आलेल्या मराठी आईबाबांसाठी

मेलबर्नला आल्यावर पहिल्या महिन्याभरात मुलगा शाळेतून येतो आणि विचारतो, "बाबा, आपण कुणाचे?" बाबाला वाटतं, कूळ-गोत्र विचारतायत की काय. तसं काही नसतं. फुटीत, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, आपण कॉलिंगवूड क्लबचे की कार्लटनचे की आणखी कुणाचे, एवढाच तो प्रश्न असतो. उत्तर मात्र सांभाळून द्या. इथे लोक नोकरी, घर, प्रसंगी जोडीदारही बदलतात, क्लब बदलत नाहीत.

दोन-तीन वर्षांनी दुसरं वाक्य येतं: "मोठेपणी मी एएफएल खेळणार." एएफएल म्हणजे या खेळाची देशातली सर्वांत वरची लीग. हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे. आम्ही पश्चिम मेलबर्नमध्ये राहतो, आमचा मुलगा सहा हिवाळे फुटी खेळला आणि मग बास्केटबॉलकडे वळला. म्हणजे हा काही यशाचा अनुभव नाही. पण कुठल्या टप्प्यावर काय असतं, हे मात्र त्या सहा हिवाळ्यांत शिकलो.

आधी खेळ, थोडक्यात

मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. दोन्हीकडे अठरा-अठरा खेळाडू आणि वीस-वीस मिनिटांची चार सत्रं. खेळ थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे एकेक सत्र अर्ध्या तासाच्या आसपास जातं. मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली तर सहा गुण, उंच आणि बुटक्या खांबाच्या मधून गेली तर एक. चेंडू फेकायचा नाही. किक मारायची, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. किमान पंधरा मीटर लांबून आलेली किक हवेतच झेलली तर तो 'मार्क', आणि मग किक मारायला निवांत वेळ मिळतो. समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून घेतलेला मार्क पाहिलात की क्रिकेटमधला कुठलाही झेल थोडा सोपा वाटायला लागतो.

क्रिकेटचं नाव निघालंच आहे तर सांगतो. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ साली मेलबर्नच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग सुटू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. आपण ज्या एमसीजीला बॉक्सिंग डे कसोटीमुळे ओळखतो, तिथे सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी या खेळाची ग्रँड फायनल होते आणि त्याच्या आदल्या शुक्रवारी आख्ख्या व्हिक्टोरियाला सुट्टी असते.

पहिला टप्पा: ऑस्किक

ऑस्किक म्हणजे लहानग्यांना फुटी शिकवायचा कार्यक्रम. पाचव्या वर्षापासून मुलांना यात घालता येतं. आठवड्यातून एकदा, बहुतेक ठिकाणी शनिवारी सकाळी, जवळच्या ओव्हलवर. शिकवणारे आईबापच असतात, त्यामुळे तुम्हालाही बोलावतील. "मला येत नाही" ही सबब चालत नाही, सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायला काही यावं लागत नाही. बूट स्टडवाले घ्या, माउथगार्ड लवकर घ्या, आणि चेंडू शेरिन कंपनीचाच पण लहान मापाचा घ्या. मोठा चेंडू लहान हातात मावत नाही आणि मूल चुकीची किक शिकतं. चेंडू पायावर सोडायचा कसा, हेच या खेळाचं खरं अक्षर-ओळख प्रकरण आहे. घरी अंगणात रोज वीस किक, अर्ध्या डाव्या पायाने. एवढं केलंत तर बाकी सगळं ऑस्किकवाले पाहतात.

मोठ्या सामन्याच्या मध्यंतरात ऑस्किकच्या मुलांना एमसीजीवर खेळवतात. आपल्या पोराचा नंबर लागला तर पुण्याच्या आजीला व्हिडिओ कॉल लावून ठेवा.

दुसरा टप्पा: गावातला क्लब

आठ-नऊ वर्षांनंतर ज्युनियर क्लब. आठवड्यात एक-दोन संध्याकाळी सराव, रविवारी सामना. इथे आपल्याकडच्या पालकांची एक ठरलेली चूक होते. मुलाला सोडायचं, गाडीत लॅपटॉप उघडून बसायचं, सामना संपला की घेऊन जायचं. क्लब म्हणजे शिकवणीचा वर्ग नव्हे. पाण्याच्या बाटल्या नेणं, वेळ मोजणं, पांढरा कोट घालून गोल अंपायर होणं, सॉसेज भाजणं, ही कामं वाटून घ्यायची असतात. शाकाहारी असाल तर कांदा भाजायला घ्या. मी तीन वर्षं कांदाच भाजला आणि या शहरातले माझे निम्मे मित्र त्या तव्यावर मिळाले.

या वयात मूल कुठल्या जागेवर खेळतं याची चिंता करू नका. उंचीचीही नको. केलेब डॅनियल १७० सेंटिमीटरच्या आसपासचा, डोक्यावर हेल्मेट घालून खेळणारा. २०१६ ची ग्रँड फायनल जिंकणाऱ्या वेस्टर्न बुलडॉग्जच्या संघात तो होता. उलट दोन मीटरचे रकमन, म्हणजे वर उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारे उंच खेळाडू, उशिरा पिकतात. बाराव्या वर्षी जो सगळ्यांना आडवा करतो, तो बऱ्याचदा फक्त लवकर वाढलेला असतो.

तिसरा टप्पा: पंधरा ते अठरा

इथून चाळणी लागते. व्हिक्टोरियात अठरा वर्षांखालच्यांसाठी टॅलेंट लीग आहे. तिचे संघ प्रदेशवार आहेत, आणि तुम्ही कुठे राहता त्यावर मुलाचा संघ ठरतो. पश्चिमेला वेस्टर्न जेट्स, आग्नेयेला डँडेनाँग स्टिंगरेज, ओकली-ग्लेन वेव्हर्लीच्या बाजूला ओकली चार्जर्स. फॉर्म भरून प्रवेश मिळत नाही. क्लबात आणि शाळेत खेळताना निवडणारे पाहून जातात. काही खाजगी शाळा चांगल्या फुटीपटूंना शिष्यवृत्ती देतात. ती मिळाली तर घ्या, पण शाळा म्हणून ती कशी आहे हेही विचारा.

आपल्या लोकांना बहुतेक वेळा माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगतो. एएफएल क्लबांच्या 'नेक्स्ट जनरेशन अकादमी' आहेत. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांसाठी, आणि ज्यांचे आईवडील आशिया किंवा आफ्रिकेत जन्मले अशा मुलांसाठी. म्हणजे नाशिकला जन्मलेल्या आईचा मेलबर्नमध्ये वाढलेला मुलगा इथे विचारात घेतला जाऊ शकतो. २०२० च्या ड्राफ्टमधला (म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू उचलायच्या वार्षिक निवडीतला) पहिला खेळाडू जमारा उगल-हेगन वेस्टर्न बुलडॉग्जच्या याच वाटेने आला. सिडनी किंवा ब्रिस्बेनला असाल तर तिथल्या क्लबांच्या स्वतःच्या अकादमी आहेत. नियम वरचेवर बदलतात, म्हणून क्लबला थेट मेल करून विचारा. विचारायला लाजू नका.

कुणी म्हणेल, आपली मुलं कुठे यात. या खेळाचा इतिहास पाहिला तर प्रत्येक स्थलांतरित लाटेला हेच ऐकावं लागलं. ॲलेक्स जेसॉलेंको ऑस्ट्रियात जन्मला आणि कार्लटनचा देव झाला. पीटर डायकॉस मॅसेडोनियातून आलेल्या घरातला. मजाक डॉ खार्टूममध्ये जन्मला आणि २०१३ साली नॉर्थ मेलबर्नकडून खेळला. सुदानमध्ये जन्मलेला तो पहिला एएफएल खेळाडू. बशार हूली रमजानचे रोजे पाळणारा, रिचमंडकडून ग्रँड फायनल जिंकणारा. आपली लाट अजून नवी आहे, एवढंच.

मुलीसाठीही हीच वाट आहे. एएफएलडब्ल्यू ही महिलांची लीग २०१७ साली सुरू झाली. पहिला सामना कार्लटन आणि कॉलिंगवूडचा, प्रवेश फुकट. साडेचोवीस हजार माणसं आत गेल्यावर फाटक बंद करावं लागलं. सुरुवातीला बहुतेक जणी नोकरी सांभाळून खेळत. पैसा तेव्हापासून वाढला आहे, तरी पुरुषांच्या जवळपासही नाही. मुलीला हे आधीच सांगा, नंतर कळलं तर जास्त लागतं.

चौथा टप्पा: ड्राफ्ट

आपल्याला आयपीएलचा लिलाव ठाऊक असतो, म्हणून ड्राफ्टही तसाच वाटतो. तसा तो नाही. इथे बोली लागत नाही. सगळे क्लब पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात, आणि गेल्या हंगामात जो सगळ्यात खाली राहिला त्याची पाळी आधी. ही पद्धत १९८६ पासून आहे. ज्या वर्षीचा ड्राफ्ट, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होत असतील तरच नाव देता येतं.

म्हणजे मुलाने क्लब निवडायचा नसतो, क्लबने मुलाला निवडायचं असतं. सरकारी नोकरीतली पहिली नेमणूक आठवा. नाव लागलं याचे पेढे वाटून होतात आणि मग कळतं, गडचिरोली. २०२३ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू हार्ली रीड उत्तर व्हिक्टोरियातल्या टोंगाला या छोट्या गावचा. त्याला वेस्ट कोस्टने घेतलं, म्हणजे बॅग भरून देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला. नोव्हेंबरमध्ये बारावीची परीक्षा संपते न संपते तोच मुलगा घर सोडतो. आईबाबांनी त्या एका आठवड्यासाठी मनाची तयारी दोन वर्षं आधीपासून करावी.

ड्राफ्टच्या आधी कम्बाइन, म्हणजे शारीरिक चाचण्यांचं शिबिर असतं. वीस मीटर धाव, उंच उडी, चपळाई, दोन किलोमीटरची शर्यत. वीस मीटर तीन सेकंदांच्या आत पळाला तर निवडणारे वहीतून डोकं वर काढतात. पण आकड्यांपेक्षा मुलाखती महत्त्वाच्या. क्लब मुलाला एकट्याला बसवून विचारतात: हरल्यावर काय करतोस, घरी कोण कोण असतं, कुणाशी पटत नाही. आपल्याकडची मुलं मोठ्यांसमोर "हो सर" म्हणून गप्प बसतात, ते इथे उदासीनता म्हणून वाचलं जातं. घरी जेवताना त्याला मत विचारायची सवय लावा. कम्बाइनची तयारी तिथून सुरू होते.

दोन अपवाद लक्षात ठेवा. वडील एखाद्या क्लबकडून शंभर सामने खेळले असतील तर त्या क्लबला मुलावर हक्क सांगता येतो. पीटर डायकॉसचा मुलगा निक २०२१ साली असा कॉलिंगवूडकडे गेला. तुमच्या-माझ्या पोराला याचा काही उपयोग नाही, पण नातवाला होईल. दुसरा अपवाद इतर खेळांतून येणाऱ्यांचा. आयर्लंडमधून गेलिक फुटबॉल खेळणारी मुलं आणतात. डब्लिनच्या जिम स्टाइन्सने मेलबर्न क्लबकडून सलग २४४ सामने खेळून दाखवले आणि १९९१ चं ब्राउनलो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक घेतलं. मेसन कॉक्स हा अमेरिकन बास्केटबॉलपटू २११ सेंटिमीटरचा, कॉलिंगवूडने त्याला जवळजवळ मुळाक्षरांपासून शिकवलं.

वर्षाला साधारण साठ-सत्तर नावं राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये पुकारली जातात. देशभर किती मुलं खेळतात ते तुम्ही कुठल्याही शनिवारी पाहताच. नाव न आल्यास रूकी ड्राफ्ट आहे, हंगामाच्या मध्यावरचा ड्राफ्ट आहे. मार्लियन पिकेट हा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नूंगार आदिवासी समाजातला माणूस तरुणपणी तुरुंगात जाऊन आला होता. पर्थच्या स्थानिक लीगमध्ये खेळता खेळता सत्ताविशीत पोचला. २०१९ च्या मध्यावर रिचमंडने त्याला घेतलं, आणि त्याचा पहिलावहिला एएफएल सामना होता त्याच वर्षीची ग्रँड फायनल. १९५२ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. त्याने गोल केला तेव्हा सगळा संघ त्याच्या अंगावर धावून आला. रिचमंड ८९ गुणांनी जिंकलं.

तसंच, खालचा क्रमांक म्हणजे शेवट नव्हे. डेन स्वान २००१ साली ५८ व्या क्रमांकावर गेला आणि दहा वर्षांनी ब्राउनलो घेऊन बसला.

पाचवा टप्पा: यादीत नाव, संघात नाही

क्लबच्या यादीत चाळीसेक खेळाडू, सामन्याच्या दिवशी तेवीस. उरलेले राज्याच्या लीगमध्ये, बऱ्याचदा मोजक्या प्रेक्षकांपुढे खेळतात. पहिली दोन वर्षं बहुतेकांची अशीच जातात. आठवड्याचं वेळापत्रक ठरलेलं: सामन्याच्या दुसऱ्या दिवशी थंडगार पाणी नाहीतर समुद्र, मग चित्रफीत लावून चुका दाखवणं, मग मुख्य सराव, मग हलका सराव, मग पुन्हा सामना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नुसतं पळणं. सामन्यात एकेक जण बारा-तेरा किलोमीटर धावतो, ते कुठूनतरी यावं लागतं.

ज्या दिवशी पहिला सामना मिळतो त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये जर्सी बऱ्याचदा आईबाबांच्या हातून देतात. त्या चित्रफिती पाहा, रडू येतं.

पगाराचं विचारताय? २०२३ साली झालेल्या करारानुसार पुरुष खेळाडूंचं सरासरी वार्षिक मानधन २०२७ पर्यंत पाच लाख डॉलरच्या पुढे जायचं आहे. हा आकडा ऐकून लगेच रुपयांत गुणाकार करू नका. सरासरीत मोठ्या ताऱ्यांचा पैसाही मिसळलेला असतो. नव्या मुलाला त्यापेक्षा बरंच कमी मिळतं आणि पहिला करार दोन-तीन वर्षांचाच. त्या वयाला ते भरपूर वाटतं, म्हणून हिशोब कुणीतरी घरातलं पाहणारं असावं.

सहावा टप्पा: दुखापत

हा टप्पा येतोच, फक्त कधी ते माहीत नसतं. सिडनी स्वान्सचा ॲलेक्स जॉन्सन २०१२ साली ग्रँड फायनल जिंकला. मग गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. एकाच गुडघ्यावर पाच शस्त्रक्रिया झाल्या. तब्बल २,१३६ दिवसांनी, २०१८ मध्ये तो परतला, मैदान उभं राहिलं. पुढच्याच सामन्यात दुसरा गुडघा गेला.

डोक्याच्या माराबाबत आता सगळे सावध आहेत, आणि असायलाच हवं. अँगस ब्रेशॉ २०२१ ची ग्रँड फायनल जिंकणाऱ्या मेलबर्न क्लबचा खेळाडू. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या टकरीनंतर त्याच्या मेंदूच्या तपासण्या झाल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला, अठ्ठाविसाव्या वर्षी, १६७ सामन्यांवर त्याने थांबायचं ठरवलं. एएफएलमध्ये मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूला किमान बारा दिवस बाहेर बसावं लागतं. गावातल्या क्लबांसाठी नियम जास्त कडक, किमान एकवीस दिवस. पोरगा म्हणेल "मी बरा आहे". प्रशिक्षक म्हणेल "फायनल आहे". त्या दिवशी वाईटपणा तुम्हीच घ्यायचा.

मनाचंही तसंच. टॉम बॉइड २०१३ च्या ड्राफ्टचा पहिला खेळाडू, मग बुलडॉग्जशी सात वर्षांचा मोठा करार, २०१६ च्या फायनलमध्ये लांबून मारलेला तो गोल. २०१९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने मानसिक स्वास्थ्याचं कारण उघड सांगून खेळ सोडला. मला विचाराल तर ते सांगायला त्या गोलपेक्षा जास्त धीर लागला असणार.

सातवा टप्पा: बदली

हंगाम संपला की ऑक्टोबरमध्ये अदलाबदलीचे दिवस. इथे मात्र सरकारी बदलीसारखं नाही: करारात असलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही. २०१२ पासून 'फ्री एजन्सी' आली. एका क्लबात आठ-दहा वर्षं काढली की दुसरीकडे जायची मोकळीक मिळते. लान्स फ्रँकलिन हॉथॉर्नला दोन ग्रँड फायनल जिंकून देऊन २०१३ अखेर सिडनीला गेला. नऊ वर्षं, एक कोटी डॉलर. लोकांनी वेड्यात काढलं, इतका मोठा करार कुणी पुरा करतं का? त्याने पुरा केला. मार्च २०२२ मध्ये त्याने हजारावा गोल मारला तेव्हा हजारो माणसं कठड्यावरून उड्या टाकून मैदानात शिरली.

आठवा टप्पा: थांबणं

इथे कारकीर्द सामन्यांत मोजतात. क्रिकेटमध्ये आपण धावा विचारतो, इथे विचारतात, "किती गेम खेळला?" पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे. अशा प्रत्येक टप्प्याला समर्थक कागदाचा भलामोठा फलक बनवतात आणि खेळाडू तो फाडत मैदानात येतो. तीनशे झाले की लीगचं तहहयात सभासदत्व. चारशेच्या पुढे गेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला ब्रेंट हार्वी ४३२ खेळून २०१६ साली थांबला. फ्रँकलिन ३५४ सामने आणि १,०६६ गोलांवर.

बाकीच्यांचं थांबणं एका छोट्या बैठकीत होतं. हंगाम संपल्यावर बोलावणं येतं, "करार वाढवत नाही आहोत", हस्तांदोलन. याला 'डीलिस्ट' म्हणतात. वय तेव्हा बावीस-तेवीस असू शकतं. खेळाडूंची संघटना शिक्षणासाठी आणि पुढच्या कामासाठी मदत करते, पण ती मदत यादीत असतानाच वापरायला सुरुवात केलेली बरी. सुतारकाम, इलेक्ट्रिशियनचं प्रशिक्षण, विद्यापीठाचा एखादा विषय सत्राला. आपल्या घरांत "डिग्री आधी" असं म्हणायची सवय आहेच. फक्त इथे "आधी"च्या जागी "सोबत" म्हणा.

आमच्या मुलाच्या बारा वर्षांखालच्या संघाला शिकवायला एक इलेक्ट्रिशियन यायचा. व्हॅनमधूनच यायचा, शिड्या वर बांधलेल्या. तो एएफएल खेळलाय हे आम्हाला दुसऱ्या हंगामात कळलं, तेही त्याच्या बायकोकडून. पोरांनी लगेच गराडा घातला, "किती गेम? किती गेम?"

"अकरा," तो म्हणाला, आणि कोन मांडायला लागला.

पोरं थोडा वेळ गप्प होती. मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "पहिला कुणाविरुद्ध?" त्या संध्याकाळी सराव अर्धा तास उशिरा सुरू झाला. अकरापैकी प्रत्येक सामन्यात वारा कुठून होता, हे त्याला पाठ होतं.